परसू, सातव्या घाण्याचं काय?

परसू, तुझ्या पिशवीत एकच बाटली निघाली. अकरा नंबरची. मग सात नंबरची बाटली कुठं आहे?

मेलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का, म्हणून लोक नावं ठेवतील. ठेवू देत. तू असतास तर म्हणाला असतास, अण्णाला न्यायला यम आला तरी हा आधी त्यालाच विचारंल, तू यम कशावरून? खोटं नाही ते. रामनगरच्या शाळेत एकतीस वर्षं मी लॅबचा अटेंडर होतो. पोरं मोरचुदाचे निळे खडे खिशातून नेतात, थर्मामीटर फोडून पारा काडेपेटीत भरतात, आणि विचारलं की सगळी देवाच्या फोटोगत गप उभी राहतात. इतकी वर्षं असली तोंडं बघितल्यावर माणूस कुणाच्याच तोंडावर विश्वास ठेवत नाही. तू तर माझा आतेभाऊ, तुझं तोंड मला पाठ होतं. तरी सगळा पावसाळाभर मला ते वाचता आलं नाही.

तू कॅसलरॉकच्या स्टेशनावर बाकड्यावर बसल्या बसल्या गेलास. हुबळीकडची गाडी आली आणि निघून गेली. चहावाल्याला वाटलं मास्तरांचा डोळा लागलाय. वहीच्या पहिल्या पानावर माझा नंबर होता म्हणून मला फोन आला, नाहीतर आपलं बोलणं बंदच होतं. मी पोचलो तेव्हा माणसं तुझ्या तोंडावर पाणी मारून दमली होती. इस्त्रीचा शर्ट, पायात नवी चप्पल, मांडीवर पिशवी. पिशवीत टॉवेल, भाकरीचा डबा, वही आणि ती बाटली. माणसं हळहळत होती, आणि मी बाटली उजेडात धरून तिच्यावरचा नंबर वाचत होतो. तू सात नंबर घेऊन निघाला असशील अशी माझी खात्री होती. अकरा आहे हे कळल्यावर मग मला रडू आलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता. मास्तर गोठ्यात नेमकं काय शिजवत होते? मी प्रत्येकाला तेच सांगितलं, तू मला सांगितलं होतंस तसं. वाळलेला बांबू बारीक करायचा, कॉस्टिक सोड्यात उकळायचा, धुवायचा, ब्लीच करायचा. शेवटी हातात राहतो तो पांढरा लगदा. झाडाला उभं ठेवणारा धागा, सेल्युलोज. तो पाण्यात कालवून एका पांढऱ्या पेल्यात घालायचा, पेला जाड पोलादी डब्यात बसवायचा, झाकण पान्यानं आवळायचं आणि डबा ओव्हनमध्ये ठेवायचा. वाफेला बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून पाणी पाणीच राहतं आणि उकळीच्या दुप्पट तापतं. त्यात धागा विरघळून त्याची साखर होते, साखर करपून काळी होते, आणि ते काळं आपसूक गोल होऊन बसतं. सुईच्या टोकावर शेकड्यांनी मावतील असे कोळशाचे गोळे. खालच्या वाडीतल्या बोअरचं पाणी तांबडं येतं, ते या गोळ्यांतून गाळलं तर तांबडेपणा धरून ठेवतील असं तुझं म्हणणं. पाहुणे मान हलवत ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, मग दारू न्हवती म्हणा की.

दारूचा संशय पहिल्या महिन्यातच आला होता. दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन तू आलास, आमच्या परसातला मोकळा गोठा मागून घेतलास, तिथं पोलादी डबा, नळ्या, उग्र वास. शेजारच्या सावंताला वाटलं काजूची भट्टी लागली. तो दोनदा साखर मागायच्या निमित्तानं डोकावून गेला. फॉरेस्टच्या गार्डला वाटलं खैर शिजवून कात काढतोय. दिग्गीकडचा बांबू फुलून मेला होता, त्यातली मालकी रानातली चार गाठोडी तू आणलेलीस, त्यांचा कागद त्यानं तीनदा वाचला. त्या सगळ्यांशी मी भांडलो. आमचा परसू असलं काही करायचा न्हाई, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. मनात मात्र होतंच की, कुठंतरी पाणी मुरतंय. शहरात इतकी वर्षं शिकवलेला माणूस गावाच्या पाण्यासाठी गोठ्यात घाम गाळतो, हे मला पटत नव्हतं.

तुला ते माहीत होतं. म्हणूनच तू मला आत ओढलंस. पहिल्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची वही दाखवलीस. प्रत्येक घाण्याला एक पान. घाणा हा शब्द माझा. तू बॅच म्हणायचास, पण अव्वा वडे तळताना जे काढते ते आणि हे यात मला फरक दिसत नव्हता, मग तूही घाणा म्हणायला लागलास. पानाच्या तळाला दोन नावं, करणारा आणि बघणारा. करणारा परशराम, बघणारा मारुती. तू म्हणालास, "अण्णा, बघणाऱ्याची सही नसंल ते पान धरायचं न्हाई. मी देव असलो तरी न्हाई." मला ते फार आवडलं. उभ्या आयुष्यात माझ्या संशयाला कुणी काम दिलं नव्हतं, तू दिलंस.

आणि त्याच दिवशी तू मला दुसरीही गोष्ट शिकवलीस, जी पुढं मी तुझ्याच अंगावर टाकली. तू म्हणालास, साखरेचे गोळे कुणीही करतो. साखर पाण्यात घालून कमी आचेला ठेवली तरी मोहरीसारखे गुळगुळीत गोळे मिळतात. धागा हट्टी, त्याला जास्त ताप लागतो, आणि गोळे आले तरी ओबडधोबड येतात. कुणाला फसवायचंच असेल तर लगद्यात चमचाभर साखर टाकावी, कुणाच्या बापाला कळणार नाही. मी ते डोक्यात नीट ठेवून दिलं.

अव्वाचंही सांगितलं पाहिजे. सुप्याचं धरण भरलं तेव्हा तुमचं घर पाण्याखाली गेलं. तू आठवीत होतास. आत्यानं तुला आमच्याकडं ठेवलं, आणि अव्वा आई माझी, पण तिनं आपल्या दोघांच्या ताटात कधी फरक केला नाही. केलाच तर तुझ्या बाजूनं. आता तिनं ऐंशी ओलांडली, तरी तुझं ते यंत्र बघायला रोज गोठ्याच्या उंबऱ्याशी बसायची. तुझा डबा म्हणजे तिच्या लेखी लोखंडाचं गाडगं. तिसऱ्या घाण्याच्या वेळी तिनं लगदा गाळायचं धुवट फडकं नेऊन त्यात दह्याचा चक्का बांधला. मी तिला इतका बोललो, इतका बोललो की ती दोन दिवस जेवली नाही. तू तिच्यासमोर बसून तिला घास भरवलेस. बाहेर येऊन मला एवढंच म्हणालास, फडकं दहा रुपयाचं हाय, अण्णा.

सहा घाणे वाया गेले. शाळेच्या भंगारातला ओव्हन मीच मिळवून दिलेला. त्याचा काटा कितीही फिरवला तरी एकशे ऐंशीच्या पुढं जायचा नाही, आणि आपल्याकडची लाईट तर कधी असते कधी नसते. डबा उघडला की तपकिरी पाणी आणि खाली करपलेला धागा. मायक्रोस्कोपखाली बघितलं की बांबूच्याच काटक्या, काळ्या झालेल्या. सहाव्याला पांढरा पेला वाकला. तू नवा मागवलास, तो बसनं पार्सल आला. तू तो उन्हात धरून लहान पोरासारखा बघत होतास. अव्वानंही हातात घेऊन बघितला.

त्या नव्या पेल्यात सातवा घाणा लावला त्या दिवसाचा मिनिट न मिनिट मला आठवतो, कारण पुढं मी तो शंभर वेळा तपासला. लगद्याचं वजन मी केलं. पाणी तू मोजून घातलंस. पेला डब्यात बसला, झाकण वर ठेवलं, आणि बघतो तर आवळायचा पाना नाही. भातगिरणीवाल्यानं नेलेला. आपण दोघं गिरणीवर गेलो. तो बोलका माणूस, त्यानं अर्धा तास खाल्ला. परत आलो, तू झाकण आवळलंस, मी डबा ओव्हनमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला. काकवीसारखा वास आला, नेहमीपेक्षा दाट. तू तीनदा वास घेतलास. मी बघितलं, पण तेव्हा माझं लक्ष काळ्या गाळाकडं होतं. काचेवर थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मी आधी डोळा लावला.

गोल होते, परसू. सगळे गोल. कुणीतरी काळी मोहरी सांडावी तसे. काटकी एक नाही. मी तुला मिठी मारली, ती चाळीस वर्षांत पहिली असेल. तू मोबाईलनं फोटो काढलास आणि हुबळीकडच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना धाडलास. त्यांनी लगेच फोन केला, की आपल्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली बघू, खरं निघालं तर काम पुढं न्यायला माणसं देऊ, तिथंच शेड घालू. तू हो हो म्हणत होतास. पण फोन ठेवल्यावर वहीतल्या पानावर सही करायला मी पेन काढलं, तर म्हणालास, थांब जरा, दोन दिवसांनी कर.

बस्स. तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला.

दोन दिवसांनी तू म्हणालास, आठवा लावूया, सगळं तसंच. तेच वजन, तेवढंच पाणी, तोच ताप. लावला. उघडला. काटक्या. एक गोळा नाही. तू मान हलवलीस, जणू तुला हेच बघायचं होतं. आणि मी तुझ्याकडं बघत राहिलो. सगळं तसंच, तर गोळे गेले कुठं? एकशे ऐंशीला धाग्याचे गोळे होत नाहीत, साखरेचे होतात, हे तूच सांगितलेलं. पाना आणायला आपण दोघं गेलो होतो, पण झाकण आवळायच्या आधी मी हात धुवायला विहिरीवर गेलो होतो. तू एकटा होतास. मॅडमचं कौतुक तुला लागत होतं. वय होत चाललेलं, सहा घाणे फुकट गेलेले. मी मनात एकेक तुकडा जुळवत गेलो आणि प्रत्येक तुकडा नीट बसत गेला. संशयाची हीच तर गंमत आहे, त्याला सगळंच पटतं.

मी विचारलं, सातव्यात साखर आहे का. मला वाटलं तू चिडशील, नाही म्हणशील. तू नाही म्हणाला असतास तर मी कदाचित विश्वासही ठेवला असता.

तू म्हणालास, "हाय."

कुणी घातली, म्हणून विचारलं. तू डब्याचं झाकण पुसत बसलास. पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणालास, "ते सोड, अण्णा. ते पान आपण धरायचं न्हाई, झालं."

झालं म्हणे. एवढ्यावर भागवायचं होतं तुला. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मॅडमना फोटो धाडताना लाज वाटली नाही का म्हणालो. माझी सही कशाला हवी होती, तुझ्या लबाडीला साक्षीदार म्हणून का म्हणालो. आणि मग ते बोललो, जे या दिवसांत मला झोपू देत नाही. म्हणालो, तुमचं घर पाण्याखाली गेलं तेव्हा आमच्या घरात घेतलं, ते हे बघायला का. तू वर बघितलंस. डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तू फक्त बघितलंस आणि म्हणालास, जेवायला जा, मामी वाट बघत असंल.

मग सगळा पावसाळा आपण बोललो नाही. एकाच परसात. गोठ्याचं दार वाजलं की मी खिडकीतून बघायचो, पण पाऊल टाकलं नाही. तू ओव्हनची कॉइल बदलायला कुणाला तरी आणलंस ते बघितलं. दोनशेवीसच्या वर गेला म्हणून तू एकटाच हसलास ते बघितलं. तरी मनात तेच, आता काय नवीन शिजवतोय हा? अव्वा तुझं ताट गोठ्यात घेऊन जायची आणि येताना माझ्याकडं न बघता आत जायची. मला वाटायचं, हिला तू फितवलंयस.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्या रडल्या. मग म्हणाल्या, सर अकरा नंबर घेऊन येणार होते, म्हणाले होते की गोळे थोडे आहेत, काटक्यांना चिकटलेले आहेत, दिसायला वाईट आहेत, पण बांबूचे आहेत. मी विचारलं, आणि सातचा फोटो? त्या म्हणाल्या, तो तर सरांनी केव्हाच काढून टाकायला सांगितला, चुकून साखर पडली होती म्हणाले. केव्हा म्हणजे कोणत्या दिवशी, मी विचारलं. त्यांना आठवेना. मला वाटलं, माझ्या भांडणानंतरच. मी पकडलं म्हणून सांगितलं असणार. बघ, तू राखेत गेलास तरी मी तुझी उलटतपासणी सोडली नव्हती.

मॅडमनी आणखी एक विचारलं. अकराव्याच्या पानावर बघणाऱ्याची सही आहे ना? म्हणजे त्यांना पुढं काही मांडता येईल. मी वही काढली. सातव्या पानावर तुझं अक्षर, "साखर आली आहे. धरू नये." कशी आली त्यासाठी तू रकाना आखलेला, तो रिकामा. तळाला बघणारा मारुती, सहीची जागा रिकामी. आठव्याला मी हजर होतो, पण तिथंही रिकामी. नऊ, दहा, अकरा, प्रत्येक पानावर तू बघणारा मारुती असं लिहिलेलं आणि पुढं जागा सोडलेली. सबंध पावसाळा तू माझ्यासाठी जागा सोडत होतास.

तरीही मी सात नंबरची बाटली शोधायला लागलो. वाटलं, ती सापडली की सगळं कळेल. गोठा उपसला. तुझी ट्रंक, पत्र्याचे डबे, गवताचा माच, चुलीतली राखसुद्धा चाळली. सहा होती, आठ होती, नऊ, दहा. सात नाही. दुसऱ्या कुणाला दिली असेल, पैसे घेतले असतील, मनात काय काय आलं ते लिहीत नाही. सावंत कुंपणावरून बघत होता. म्हणाला, मारुतीमामा, बाटली शोधताय व्हय? मी त्याला हाकललं.

तेराव्याला गोड करायचं म्हणून अव्वा चुलीपुढं गूळ फोडत बसली होती. बत्ता मारता मारता थांबली. एक खडा हातात घेतला आणि त्याच्याकडं बघून रडायला लागली. तू गेल्यापासून ती रडली नव्हती. मी जवळ बसलो. ती मला म्हणत नव्हती, त्या खड्यालाच म्हणत होती.

"नवं भांडं रित्या तोंडानं इस्तवावर ठेवू नये. म्या त्याचं तोंड गोड केलं हुतं. तरीबी माजं पोरगं असं जावं?"

मी विचारलं, कुठलं भांडं, अव्वा? ती म्हणाली, परसूचं, पांढरं, पार्सलनं आलेलं. तुम्ही दोघं गिरणीवर गेलात, झाकण नुसतं वर ठेवलेलं. आपल्यात मडकं आणलं, कढई आणली, तर पहिल्यांदा चुलीवर चढवताना गुळाचा खडा घालतो की. तुम्हा पुरुषांना कुठलं सुचतंय. म्हणून उचलून आत घातला एक. सुपारीएवढा. पोराच्या कामाला यश यावं म्हणून.

सुपारीएवढा गूळ. तू मला शिकवलेल्या चमचाभर साखरेच्या मानानं चिक्कार झाला. आपण परत येईस्तोवर तो विरघळूनही गेला असणार. मी, लगद्याचं वजन दोनदा करणारा, झाकण उचलून बघायचं विसरलो. गोठ्याच्या उंबऱ्याशी कोण बसलंय हे मी कधी धरलंच नव्हतं.

मला का नाही सांगितलंस, मी विचारलं. अव्वानं पदरानं नाक पुसलं. "तू वरडतोस," म्हणाली. मग म्हणाली, परसूला ठाव हाय. त्यानं दुसऱ्याच दिशी येऊन इचारलं, मामी, भांड्यात काय घातलंस का गं? म्या सांगितलं. तर हसला की. म्हणाला, लई गोड केलंस, मामी. पर अण्णाला नगं सांगू.

दुसऱ्या दिवशी म्हणजे कधी, मी विचारलं. बघ, तेव्हाही. अव्वा म्हणाली, तू त्याला जेवायला संगं आणत होतास तेव्हा. म्हणजे भांडणाच्या आधी. म्हणजे आठव्याच्याही आधी. आठवा घाणा तू मला दाखवायला लावला होतास, गुळाशिवाय काही येत नाही याची खात्री करायला. तू तुझाच घाणा खोटा पाडत होतास आणि मी बाजूला उभा राहून तुला पकडत होतो.

आणि बाटली? ते मला विचारावंसुद्धा लागलं नाही. अव्वा उठली, देव्हाऱ्यातून कुंकवाच्या करंड्यामागून तिनं बाटली काढली. काळी पूड, तुझ्या अक्षरात सात. ह्ये तुज्या हातचं हाय, देवाजवळ ठेव, असं म्हणून तू तिला दिलेली. सगळा पावसाळाभर मी रोज आंघोळ करून त्या बाटलीसमोर हात जोडत होतो. मला वाटायचं बुक्का आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण शाळेत पोरांना ऐकवून ऐकवून माझं तोंड दुखलं असेल.

आता मला कळतंय तू गप्प का बसलास. ते दह्याचं फडकं. नाव सांगितलं असतंस तर मी अव्वाला सोडलं नसतं. तुझ्या दोन वर्षांच्या कामाची माती केलीस म्हणून तिला असं बोललो असतो की ती पुन्हा उंबऱ्याशी येऊन बसली नसती. तुला ते पक्कं माहीत होतं. आयुष्यभर मी जगावर संशय घेतला, परसू. माझ्यावर संशय घेणारा तू एकटा निघालास, आणि तुझा खरा होता.

पण म्हणून तू शहाणा असं मी म्हणणार नाही. हे भांडण संपलेलं नाही. मला बाहेर नेऊन, रानात नेऊन, शपथ घालून सांगायचं होतंस. मी ओरडलो असतो, दोन दिवस फुगलो असतो, तिसऱ्या दिवशी आलो असतो. तू मला तेवढी संधी द्यायला हवी होतीस. लबाड ठरणं तुला सोपं गेलं आणि मला मात्र आता हे घेऊन बसावं लागतंय. आणि तुमच्या घराबद्दल जे बोललो ते परत घ्यायला तू जागेवर नाहीस. माफी माग म्हणतात सगळे, फोटोपुढं उभा राहून माग. फोटो काय उत्तर देणार? मी फोटोवरही विश्वास ठेवत नाही.

काल वही उघडून बसलो. सातव्या पानावर सही केली, कारण तो मी बघितला होता. आठव्यावर केली. सातव्यातला रकाना समोर होता, साखर कशी आली. एकतीस वर्षांत मी लॅबच्या रजिस्टरचा एक रकाना रिकामा सोडलेला नाही. अव्वा दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, काय लिव्हतोस रं? मी म्हणालो, काही नाही, आणि पेनाला टोपण लावलं. तू सोडलास तसाच मी तो रिकामा ठेवला. बाटली देव्हाऱ्यातच आहे.

अकराव्यावर मात्र सही केली नाही, परसू. मॅडम थांबल्यात, मला माहीत आहे. बांबूचे खरे गोळे त्या एकाच घाण्यात आले, आणि त्याला बघणारा कुणी नव्हता. मी वीस पावलांवर खिडकीत बसून तुझ्यावर संशय घेत होतो. ज्यानं बघितलं नाही त्यानं सही केली तर ते पान धरायचं नाही, हा तुझाच नियम.

मी गोठ्याचं कुलूप काढलंय. बांबूचं एक गाठोडं शिल्लक आहे. बाराव्या पानावर करणारा मारुती असं लिहिलं, आणि त्याच्याखाली, तू लिहायचास तशाच अक्षरात, बघणारा. पुढं कुणाचं नाव घालायचं, ते कळेना म्हणून अजून तसाच बसलोय.